बावीसच्या बावीस नापास

२ मार्च, सोमवार

ही वही मी तारांची मापं लिहायला आणली होती. मापं मला पाठ आहेत, त्यामुळे वही कोरीच राहिली. आज बोलायला कुणी नाही म्हणून तिच्याशी बोलतेय. वरच्या मजल्यावर आई आहे, पण ती हल्ली सारखी फोनवर असते. मावशीशी. या वयात दोघी बहिणींना एवढं काय सुचलंय कोण जाणे.

तर, संगीत शाळेचं पत्र आलं. त्यांची बासष्ट वाद्यं, म्हणजे व्हायोलिनं, व्हायोला आणि चेलो, सुट्टीत दुरुस्त करायची आहेत आणि पुढे तीन वर्षं त्यांची देखभाल करायची आहे. अटी तीन. कारागीर दोन हवेत. तीन जुन्या गिऱ्हाइकांच्या शिफारशी हव्यात. आणि सगळा पत्रव्यवहार दुकानाच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरूनच हवा. गेल्या वर्षी कुणीतरी भलत्याच्याच नावाने अर्ज पाठवला होता म्हणे. तेव्हापासून तिथले सचिव ताकही फुंकून पितात. मुदत वीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत.

हे काम मिळालं तर दुकान राहील. नाही मिळालं तर जूनमध्ये कुलूप, आणि मी बाजारातल्या वाद्यांच्या मोठ्या शोरूमच्या काचेच्या दाराशी उभी राहून ‘या, बसा’ करणार. त्यांनी माझ्यासाठी जागा ठेवली आहे. माझ्या जिभेला हाड नाही, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुसरा कारागीर होता, माझा भाऊ. धाकटा. सप्टेंबरात गेला. एका बाईंच्या चेलोची भेग त्याने सांधली होती आणि त्याच्या बाकावर मला कारखान्याच्या गोंदाची बाटली दिसली. आमच्या धंद्यात सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्याचा डिंक, वापरायचा, कारण सरसाचा सांधा पुढच्या माणसाला ऊब देऊन उघडता येतो. कारखान्याचा गोंद म्हणजे कायमचा. मी त्या बाईंच्या देखत त्याला म्हटलं, "तुझा हात लागला की लाकूड रडतं." त्याने ॲप्रन खुंटीला लावला आणि गेला. आता दुसऱ्या गावात खोली घेऊन राहतो, वाद्यांच्या कारखान्यात काम करतो. सुखात असेल.

अर्जात दुसऱ्या कारागिराचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून त्याचं नाव टाकलं. नुसता रकाना भरायला.

४ मार्च, बुधवार

काल शाळेला अर्ज पाठवला, आणि बावीस जुन्या गिऱ्हाइकांना शिफारशीसाठी पत्रं. प्रत्येकाला वेगळं लिहिलं. कुणाच्या व्हायोलिनची मान तुटली होती, कुणाचा बो, म्हणजे वाजवायचा गज, मांजराने कुरतडला होता, सगळं आठवून आठवून. एकाचंही उत्तर नाही. बावीसपैकी एकाला ‘पावलं’ एवढं लिहायला काय झालं होतं? आता समजलं की जानेवारीपासून दुकानात गिऱ्हाईक का फिरकत नाही. लोक कामापुरते गोड असतात.

जेवताना आई म्हणाली, "काल तू बावीस पत्रं पाठवलीस का गं?"

"तेवीस. तुला कुणी सांगितलं?"

"खटखट ऐकू येत होती."

खटखटीवरून पत्रं मोजणारी बाई मी आजच पाहिली.

६ मार्च, शुक्रवार

शाळेच्या सचिवांना फोन केला. "फोनवर काही सांगता येत नाही, मेल करा." केला की! "आमच्याकडे आलेला नाही." मग पुन्हा केला. पुन्हा नाही आला.

आईचं काहीतरी बिनसलंय. सकाळी चहा देताना एकदम म्हणाली, "बावीसच्या बावीस नापास झाली म्हणे."

"कोण नापास झाली?"

"पत्रं. मावशी म्हणत होती, दोन ओळी असल्या की असं होतं. एकच ओळ असावी."

मावशीला मोबाईलवर आलेला फोटो उघडता येत नाही. गेल्या वर्षी तिने टॉर्च लावला आणि तो बंद करता येईना म्हणून फोन उशीखाली घालून झोपली होती. आणि ती मला पत्रात ओळी किती असाव्यात ते सांगणार. मी म्हटलं, "मावशीला सांग, माझ्या पत्रात वीस-वीस ओळी असतात." आई चहाचा कप तसाच ठेवून गॅलरीत गेली आणि दार लावून फोन करत बसली. मावशीला तो निरोप इतक्या तातडीने द्यायची काय गरज होती?

९ मार्च, सोमवार

आज त्याच चेलोवाल्या बाई आल्या. मी पत्राचा राग मनात धरून होते, त्यामुळे "या" सुद्धा घशातल्या घशात म्हटलं. खुंट्या सैल झाल्यात म्हणाल्या. वर म्हणतात, "उशीरच झाला यायला. दर सहा महिन्यांनी तुमची आठवण यायची ना, ‘खुंट्या कोरड्या पडल्या असतील, तारा बघून घ्या’ अशी. या वेळी आलीच नाही."

मी कुणाला कधी असली आठवण पाठवलेली नाही. तसं सांगितलं. त्यांनी फोन काढून दाखवलं. खरंच. दुकानाच्या पत्त्यावरून, वर चेलोचं छोटंसं चित्र. खाली लिहिलेलं: ‘वाद्य आणा, चहा आमच्याकडे.’ हे वाक्य धाकट्याचं. गिऱ्हाईक आपलं आपण आठवणीने येतं असं मी वीस वर्षं समजत होते. बरीच जणं अशी बोलावल्यावर येत होती तर.

मग माझं मंगळवारचं पत्र कुठे गेलं? बाईंनी स्पॅमचा कप्पा उघडला. तिथे मी होते. माझ्या वर टक्कल घालवायचं तेल, माझ्या खाली कुठल्यातरी राजपुत्राचा वारसा. बाई हसू दाबत होत्या, पण मला आधी हसू फुटलं. बावीस लोकांना मी मनातल्या मनात पाच दिवस शिव्या घालत होते आणि ते बिचारे निर्दोष होते. बाईंनी तिथेच बसून शिफारस लिहून दिली. चेलो ठेवून गेल्या.

१० मार्च, मंगळवार

होस्टिंगवाल्यांच्या मदतकक्षाला फोन केला. जानेवारीत मी रागाच्या भरात ही कंपनी धरली. आधीची धाकट्याने निवडलेली होती, म्हणून बदलली. कारण इतकंच. वेबसाइट, मेलच्या पेट्या, सगळं इकडे हलवून घेतलं. त्याची पेटीसुद्धा. ती काढून टाकावी असं मनात आलं होतं, पण म्हटलं, असू दे, खातेय का काही.

मदतकक्षातली बाई फार शांत निघाली. तिने मला लहान मुलीला सांगावं तसं समजावलं. आपल्या डोमेनच्या, म्हणजे दुकानाच्या इंटरनेटवरच्या नावाच्या, नोंदींमध्ये एक ओळ असते, एसपीएफची. दारावर लावलेली यादीच ती: आमच्या नावाने पत्र घेऊन येणारे हे हे सर्व्हर आमचे, बाकीचे आमचे नव्हेत. पत्र ज्याला मिळतं तो आधी ती यादी बघतो.

"तुमच्याकडे ती ओळ दोनदा आहे," ती म्हणाली.

"हो. एक माझ्या भावाची, एक माझी. तुमच्याच पानावर लिहिलं होतं, ही ओळ घाला. मी घातली, त्याच्या खाली."

"त्याची काढली का नाहीत?"

मी तिला सांगितलं. व्हायोलिन उघडलं की आत आधीच्या कारागिराची चिठ्ठी चिकटवलेली असते: नाव, गाव, साल. आपण दुरुस्ती केली की तिच्याशेजारी आपली लावायची. आधीची कधीच काढायची नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाची काढत नाही, तर भावाची काय काढणार!

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, हे फार छान आहे. पण हे व्हायोलिन नाही. एसपीएफच्या दोन ओळी दिसल्या की तपासणारा दोन्ही फेकून देतो. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं."

म्हणजे जानेवारीत माझी ओळ लागली आणि त्या दिवसापासून माझीही पत्रं गेली आणि त्याच्या आठवणीही गेल्या. लोक कामापुरते गोड नव्हते. मीच दाराला आतून कडी लावून बाहेरून कुणी येत नाही म्हणून रडत बसले होते.

मावशी मात्र बरोबर बोलली होती. अंधारात मारलेला दगड लागतो कधीकधी.

१२ मार्च, गुरुवार

ओळी एक करायच्या होत्या. त्याची ओळ आठवणी पाठवणाऱ्या सेवेसाठी अजून लागते, माझी नव्या सर्व्हरसाठी. एकाच ओळीत दोन्ही पत्ते घालायचे आणि दुसरी ओळ पुसायची. एवढंच काम. मी त्या ‘काढा’ बटणापाशी अर्धा तास बसले. त्याने लिहिलेलं आहे ते, आणि पुसणारी मी. खूप वाईट वाटलं. मग पुसलं.

त्यानंतर डीकेआयएम. ती पत्रावरची सही असते, डोळ्यांना न दिसणारी. तिची किल्ली म्हणजे अक्षरांची शेपटी, संपता संपत नाही. मी ती चिकटवताना मध्ये एक जागा सुटली आणि सही खोटी ठरली. मदतकक्षवालीने तीही शोधून दिली. आता तिला मी ‘तिकीटवाली’ म्हणते, कारण दर वेळी ती मला एक तिकीट क्रमांक देते आणि तो मी हरवते.

आणखी एक ओळ निघाली, डीमार्कची. यादी आणि सही जुळली नाही तर पत्राचं काय करायचं, याचा हुकूम. धाकट्याने लिहून ठेवलं होतं: बाजूला टाका. म्हणजे माझी पत्रं माझ्याच भावाच्या हुकमाने टकलावरच्या तेलाशेजारी जात होती! मी चिडले. तिकीटवाली म्हणाली, "अहो, तुमच्या नावाने दुसऱ्या कुणी खोटी पत्रं पाठवू नयेत म्हणून लावलंय ते. काम नीट केलंय त्यांनी." त्याच ओळीत त्याच्या पेटीचा पत्ताही होता. रोज तिथे अहवाल जातो म्हणे: किती पत्रं निघाली, किती पास, किती नापास. सहा महिन्यांचे अहवाल साचून ती पेटी फुगली असेल. कोण बघतंय!

दुपारी चेलोच्या खुंट्या बसवल्या. हात रिकामे झाले तेव्हा दांड्याचा आरसा आत घालून ती भेग बघितली. सांध्याच्या कडेला चहाच्या रंगाचा एक थेंब सुकलेला. पातळ ब्रशला पाणी लावून टेकवलं, तर चिकट झाला. सरस. कारखान्याचा गोंद कधी असा होत नाही. सांधा इतका सुबक की मला बोट फिरवून शोधावा लागला. बाटली बाकावर कशाला होती मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं. त्याला तोंड उघडायला मी जागा कुठे दिली होती?

१३ मार्च, शुक्रवार

अर्ज पुन्हा पाठवला. बावीस पत्रंही. दुपारपर्यंत नऊ उत्तरं. एकाने मांजराचाही फोटो पाठवला, आता म्हातारं झालंय. शाळेच्या सचिवांचं: ‘अर्ज मिळाला. दोन्ही कारागिरांना आपापल्या पत्त्यावर स्वतंत्र प्रश्नावली पाठवू. दोघांचीही उत्तरं आली तरच अर्जाचा विचार होईल.’

शेवटचं वाक्य चार वेळा वाचलं. रकाना भरायला टाकलेलं नाव आता उत्तर मागतंय.

१६ मार्च, सोमवार

सकाळी दुकानाच्या फोनवर मावशी. "अगं, तुझी आई बरी आहे ना? दोन महिने झाले, तिचा फोन सारखा गुंतलेला. मला तर विसरलीच ती."

मी कानस हातात घेऊन उभीच राहिले. दोन महिने. बावीसच्या बावीस. दोन ओळी असू नयेत. आणि ती खटखट!

साचलेले अहवाल कोण बघतंय, ते आता कळलं. सहा महिने रोज सकाळी त्या मुलाने परक्या गावात बसून बघितलं की ताईची आज किती पत्रं निघाली, आणि ती नापास होताना दिसली की राहवेना म्हणून आईला फोन केला. मला करायची सोय मी ठेवली नव्हती. मी बाकावर डोकं टेकवून रडले. भुसा नाकात गेला आणि रडण्याचं शिंकणं झालं.

वर गेले. आई भाजी निवडत होती.

"मावशी कशी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे की."

"तिला सांग, या खेपेला बावीसच्या बावीस पास."

आईने मान वर केली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांत तिचा हात कुणी धरणार नाही. "सांगते," म्हणाली. "तिला शनिवारी सकाळपासून माहीत आहे, पण सांगते."

१७ मार्च, मंगळवार

प्रश्नावली कालच येऊन पडली होती, आज उघडली. अनुभव किती वर्षं, सरस कुठला, तारांखालच्या घोड्या हाताने कोरता का. भराभर लिहिलं. सातव्या प्रश्नाला अडले: ‘दोघांपैकी प्रमुख कारागीर कोण?’

वीस वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी विचार न करता दिलं असतं. आज तो आरशातला सांधा दिसत राहिला. त्याचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं, मन बदलायच्या आत.

मग त्याच्या पेटीवर एक पत्र. आधी दीड पान लिहिलं, त्यात अर्ध्याहून जास्त माझीच बाजू होती. सगळं खोडलं. शेवटी एवढंच पाठवलं: ‘चेलो आतून पाहिला. सरसच होता. मी चुकले. शाळेची प्रश्नावली तुला आली असेल. भरावीशी वाटली तर भर, नाहीतर राहू दे. मी रागावणार नाही.’

१९ मार्च, गुरुवार

उत्तर नाही. शाळेचंही नाही, त्याचंही नाही. स्पॅमचा कप्पा आठ वेळा उघडला. शोरूमवाल्यांचा फोन आला, काय ठरलं म्हणून. उद्या सांगते म्हटलं. आईला काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. भरणार नसेल तर ते मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. भीती वाटते, आणि ती दुकानाची कमी, त्याची जास्त आहे.

२० मार्च, शुक्रवार

एका दमात लिहितेय, अक्षर बघू नये.

सव्वाचारला सचिवांचा फोन. तोच तो, फोनवर काही न सांगणारा माणूस. "बाई, तुमच्या अर्जात विसंगती आहे."

"कसली?"

"प्रश्न सात. तुम्ही प्रमुख कारागीर म्हणून तुमच्या भावाचं नाव दिलंय. त्यांनी तुमचं दिलंय. त्यांचं उत्तर सोमवारीच आलं, तुमचं मंगळवारी. माझ्या नोकरीत प्रमुखपणासाठी भांडणारे पुष्कळ पाहिले. उलटं भांडण पहिलंच. पाचच्या आत एकाने दुरुस्ती पाठवा, नाहीतर अर्ज बाद."

सोमवारी. म्हणजे माझं पत्र जायच्या आधीच त्याने भरून टाकलं होतं. चुकले, सरस, माफी, यातलं काहीही त्याला मिळालेलं नव्हतं तेव्हा.

फोन लावला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. एका घंटीत उचलला.

"ताई, तू बदल," हे त्याचे पहिले शब्द.

"तू बदल. सांधा तुझा चांगला आहे."

"सांधा शिकवला कुणी?"

"लहान आहेस, ऐक माझं."

"लहान म्हणतेस आणि प्रमुख करतेस? आधी एक काय ते ठरव."

चार चाळीस झाले. आई जिन्यात उभी राहून कपाळाला हात लावत होती. मी म्हटलं, "माझ्या तोंडाचं काय? त्या शाळेत कुणावर तरी ओरडेन मी."

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "बासष्ट वाद्यं आहेत. चुकलं की ओरडायला कुणीतरी हवंच. मला ते जमत नाही." आणि हसला. ते हसू ऐकलं आणि माझा हट्ट विरघळला. चार छप्पन्नला माझं नाव लिहून दुरुस्ती पाठवली.

"गेली?"

"गेली."

"थांब." तिकडे कळा दाबल्याचा आवाज. "ताई, अहवाल उद्या सकाळी येतो. तोवर मला काही दिसत नाही. पोचली का ते तूच विचार त्यांना."

पाच वाजून दहाला पोचल्याचं उत्तर आलं, दोघांच्या नावाने. काम आमचं, सातव्या प्रश्नावरच अडलं होतं म्हणे. पहिली गाडी वाद्यं घेऊन एक तारखेला येणार. मी ते त्याला वाचून दाखवलं. फोन कुणीच ठेवेना.

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "विचारतोस काय? घर तुझं नाही का?"

उद्या दुपारच्या गाडीने येतोय. त्याच्या खोलीत मी रिकामी खोकी भरून ठेवली आहेत, ती आता काढायला हवीत.